पाणी पिणारी भांडी

भांडं: १, २, ३ (जुनी)
उरलेले आठवडे: सोळा
दिसलं ते: अंडी. काळी, लांबट.
शेरा: ठीक.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद आहे. मोठ्या बाईंनी ही वही आखली तेव्हाच बजावलं होतं, इथे दोनच शब्द येतात, "ठीक" किंवा "मेल्या". तिसरा शब्द सुचला तर आधी जाऊन पाणी पिऊन यायचं. इतके दिवस मी दोन शब्दांत भागवलं. या सोळा आठवड्यांत भागलं नाही. जे रकान्यात मावलं नाही ते पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलंय.

मी माश्या पाळते. वालुमाश्या. तिळाएवढी माशी, कोंड्याच्या रंगाची, अंगभर लव, पंख पाठीवर उभे धरलेले, कुणीतरी "पळ" म्हणायची वाट बघत असल्यासारखे. धड उडताही येत नाही तिला, टुणटुण उड्या मारत जाते. पण हीच चावते आणि महिनोन्महिने न उतरणारा ताप एका माणसातून उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवते. पोट फुगतं, माणूस वाळतो, घरातला दुसरा पडतो, मग शेजारचा.

माझ्या खोलीतल्या माश्यांत तो ताप नाही. तो अंड्यातून उतरत नाही. आजारी माणसाचं रक्त प्यायल्यावरच माशीत शिरतो. त्यामुळे माझ्याकडे जन्मलेली प्रत्येक माशी कोऱ्या पाटीची असते, आणि डॉक्टरांना तीच हवी असते.

"लोक ऑफिसात माश्या मारत बसतात," मावशी सगळ्यांसमोर म्हणते, "आमच्या पोरीला त्या पाळायचा पगार मिळतो."

"एक पाळून दाखव," असं तिला बाबाच सुनावतात. मला तोंड उघडावं लागत नाही.

भांडं: तेच
शेरा: ठीक. (बाकी मागच्या बाजूला.)

शेजारच्या इमारतीत, दवाखान्यात, दहा माणसं आहेत. त्यांचा ताप गेला, पण अंगावर फिकट चट्टे उरलेत. ती आता बरी आहेत की त्यांच्यापासून अजून घरच्यांना धोका आहे, हे कुठलंही यंत्र नक्की सांगत नाही. माशी सांगते. त्यांच्या हातावर कोऱ्या माश्या बसवायच्या, रक्त पिऊ द्यायचं, आणि काही दिवसांनी माशीच्या पोटात तापाचा जंतू दिसतो का ते बघायचं. एकेका माणसाला तीस माद्या. म्हणजे तीनशे. सगळ्या पाच ते सात दिवसांच्या, रक्ताची चव न घेतलेल्या, सगळ्या एकाच सकाळी.

आमच्याकडे एका वेळी एकशेवीसच्या वर माद्या कधी झाल्या नव्हत्या.

"जमलं नाही तर बाहेरून मागवणार आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांचं सगळंच खरं वाटतं. "विमानाने, खोक्यात. आणि ही खोली फ्रीज ठेवायला जाईल."

"आणि माझ्या सहा पिढ्या?"

"तुझ्या कुणी लागतात का त्या?"

"लागतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनाही माहीत होतं. त्रेचाळीस माद्यांवर सुरू झालं हे सगळं. गोठ्यांच्या भिंतींच्या भेगांतून, पहाटे, तोंडाने ओढायच्या नळीत एकेक ओढून आणलेल्या. गोठ्यांतून धरून आणलेल्या माश्यांचं बिऱ्हाड खोलीत तिसऱ्या पिढीला मोडतं असं सगळे म्हणायचे. तिसरी झाली. मग म्हणाले, पाचवीला मोडेल. आता सहावी अंडी घालून मोकळी झाली होती. वालुमाशी अंडी घातली की बहुधा मरते. मेलेल्या माद्या मी ब्रशने उचलते, झाडूने नाही.

भांडं: ४ ते ४३ (नवी)
उरलेले आठवडे: पंधरा
दिसलं ते: भांडी!
शेरा: फारच ठीक.

भांडं म्हणजे काय ते सांगते. प्लॅस्टिकची बरणी. तळाला नाण्याएवढी भोकं. आत तळाला दोन बोटं जाड पीओपी, आणि तेच कडेने बोटभर वर चढवलेलं. ही बरणी ओल्या स्पंजवर ठेवायची. खालून पीओपी पाणी ओढतं आणि आतला तळ दमट राहतो. ओला नाही, दमट. अंडी त्यावर, अळ्याही त्यावर. अळ्यांचं खाणं म्हणजे सशाच्या लेंड्या आणि सशाचाच चारा एकत्र कुजवून, वाळवून, दळून, चाळणीने चाळलेली पूड. तळ कोरडा पडला की अळ्या वाळतात, चिकचिकला की बुरशी धरते. सगळा संसार त्या दोन बोटांवर.

जुनी भांडी तीनच धड उरली होती, बाकीच्यांना चिरा गेलेल्या. बनवणाऱ्याने धंदा बंद केला होता. चाळीस हवी होती.

माझे बाबा पीओपीवाले. चाळीस वर्षं छतं केली त्यांनी. कोपऱ्यातल्या पट्ट्या, मधली फुलं, दिव्यांभोवतीच्या वेली. खांदा गेला म्हणून घरी बसले, पण कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात आणि मग यजमानांकडे.

"भांडी करायचीत?" ते म्हणाले. "माशीला?"

"माशीच्या पोरांना."

"किती?"

"चाळीस."

खांदा दुखत होता तरी सहा दिवसांत चाळीस झाली. गॅलरीत ओळीने मांडली होती. काय सांगू. पांढरी शुभ्र, आतून काचेसारखी घोटलेली, टिचकी मारली की टण् वाजणारी. आईने एक उचललं आणि आपला चेहरा दिसतो का बघितलं.

"दिसतोय," ती म्हणाली. "थकलेला."

बाबांनी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि तिच्या बोटाचा ठसा पुसला.

प्रयोगशाळेत तर लोक बघायला आले. मोठ्या बाईंनी एक भांडं उजेडात फिरवून बघितलं. "हे तुझ्या वडिलांनी हाताने केलंय?" मी हो म्हणाले. माझी मान जरा जास्तच ताठ झाली असावी, कारण दुपारपर्यंत दुखत होती.

सहाव्या पिढीची बहुतेक अंडी मी नव्या भांड्यांत घातली. मूठभर राहिली, ती जुन्या तिनांत.

भांडं: ४ ते ४३
उरलेले आठवडे: तेरा
दिसलं ते: पांढरा कापूस
शेरा: मेल्या. मेल्या. मेल्या. मेल्या. मेल्या

एकतीस भांडी. उरलेल्या नवांत मिळून चौदा अळ्या, त्याही सुस्त. बाकी सगळीकडे बुरशी, पिंजून टाकल्यासारखी पसरलेली, आणि तिच्याखाली अळ्या. अळीच्या शेपटीला लांब केस असतात, जिवंत असताना ती ते उभे धरते. एकही केस उभा नव्हता.

"कुठे माशी शिंकली ते शोध," मोठ्या बाई म्हणाल्या. एरवी या वाक्यावर आमच्याकडे कुणीतरी हमखास हसतं.

मी शोधलं. वेळ लागला नाही, हेच वाईट. खालून पाणी वर येत नव्हतं म्हणून मी रोज वरून थेंब थेंब घालत होते. आणि थेंब आत जात नव्हते.

जुनं भांडं घेतलं, एक थेंब टाकला. एक, दो—

संपला. पिऊन टाकला तळाने.

बाबांचं भांडं घेतलं, एक थेंब टाकला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा. थेंब तसाच. गोल, देखणा, आरशावर मोती ठेवावा तसा. त्यात खिडकी दिसत होती.

भांडं: ४ ते ४३
कारण: बुरशी, बहुधा खाद्यातून

ही ओळ खोडलेली दिसेल. ती मीच लिहिली आणि मीच खोडली. लिहिली मंगळवारी, खोडली गुरुवारी.

मधले दोन दिवस मी घरी जाऊन जेवले. बाबा रोज विचारायचे, "काय म्हणतात आमची भांडी?" आणि मी म्हणायचे, "सगळे बघायला येतात." खोटं नव्हतं ते. हातात भात धरून खोटं बोलणं वेगळं आणि असं बोलणं वेगळं, असं मी स्वतःला समजावत होते.

गुरुवारी सकाळी मोठ्या बाई खाद्याचा डबा घेऊन मागच्या दारी उभ्या होत्या. दोन महिने कुजवून मुरवलेलं खाद्य. माझी नोंद वाचून त्यांनी ते फेकायला घेतलं होतं. अर्धा डबा खड्ड्यात गेला होता.

"बाई, थांबा!"

"बुरशी खाद्यातून आली म्हणालीस ना?"

"नाही आली. मी खोटं लिहिलं."

त्यांनी डबा खाली ठेवला. मी सांगितलं. थेंब, अकरा आकडे, सगळं. वडिलांचं काम म्हणून लिहवलं नाही, हेही.

बाईंनी खड्ड्यात डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "वहीत खोटं लिहायचं असेल तर उद्यापासून दुसरीकडे नोकरी बघ. हे एकदाच सांगते." आणि मग, डबा माझ्या हातात देताना, "उरलेलं पुरेल का?"

"पुरवेन."

"आणि वडिलांना काय सांगशील?"

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

भांडं: नाही
जागा: आमचं स्वयंपाकघर
उरलेले आठवडे: तेरा, पण दोन दिवस कमी

ओट्यावर दोन भांडी ठेवली. शेजारी पाण्याची वाटी आणि ड्रॉपर. आई मटार सोलत होती.

"बाबा, पीओपीत पाणी जास्त झालं तर काय होतं?"

"घालणाऱ्याला घरी पाठवतात. मी तिघांना पाठवलंय."

"पण होतं काय?"

"भुसभुशीत होतं. आत बारीक भोकं राहतात. पाणी शोषतं, फुगतं, एक दिवस जेवणाच्या टेबलावर येतं छत." ते भांड्यांकडे बघत होते. "हे जुनं कुणाचं? भिकार काम आहे."

मी जुन्यावर थेंब टाकला. गेला. त्यांच्यावर टाकला. राहिला.

बाबांनी भांडं जवळ ओढलं. वाकून बघत राहिले. चाळीस वर्षं ज्यासाठी घासली ते होतं ते. न शिरणारं पाणी.

"किती मेल्या?"

"एकतीस भांडी."

"माझ्या भांड्यांत?"

"हो."

"आणि या भिकार भांड्यांत?"

"वाढतायत."

ते उठून गॅलरीत गेले. आई मटार सोलतच होती. थोड्या वेळाने तिने तिथूनच हाक मारली, "अहो, चहा टाकू?"

"चाळीस वर्षांत माझं एक छत पडलं नाही," गॅलरीतून आवाज आला.

"आत्ताही पडलेलं नाही," आई म्हणाली. "माश्या बुडाल्यात. चहा टाकू का?"

तिने टाकला. तीन कप. त्यांचा गार झाला.

मला वाटलं संपलं. सकाळी उठले तर ते घमेलं धुवून, पावडरची गोणी उघडून बसले होते. खांद्याला पट्टा बांधलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग. किती वाईट पाहिजे?"

भांडं: ४४ ते ८३ (दुसरी खेप)
उरलेले आठवडे: बारा
शेरा: थेंब राहतो.

पाणी जास्त घातलं होतं, मी समोर होते. तरी थेंब राहिला. चाळिसांतल्या अठ्ठावीसवर आकडा दहापर्यंत गेला. उरलेल्या बारांवर पाचपर्यंत.

बाबांना पटेना. "पाणी तुझ्यासमोर मोजलंय."

"मोजलंय."

"मग?"

मग आईने सांगितलं. ती दिवसभर घरात असते, तिला सगळं दिसतं. "तुम्ही ओतल्यावर जरा वेळाने परत जाता आणि अंगठा फिरवता."

"मी?"

"प्रत्येकात. गोल गोल. पीओपी घट्ट व्हायच्या आधी. जसं काही लेकरू निजवताय."

बाबा स्वतःच्या अंगठ्याकडे बघू लागले. घोटलं की वरची भोकं बुजतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांना आठवतच नव्हतं. हात आपला आपण गेला होता, चाळीस वेळा, मालकाला न विचारता.

"बांधून ठेवा माझे हात," ते रागाने म्हणाले. मला नाही, हातांना.

भांडं: ८४ ते १२३ (तिसरी खेप)
उरलेले आठवडे: अकरा
शेरा: मागे पाहा.

मी रजा घेतली. गॅलरीत बाबा ओतायला, मी बरणी धरायला, आणि आई राखणीला. तिने स्टूल मधोमध ठेवलं होतं, ओतलेल्या बरण्या आणि बाबा यांच्या बरोबर मध्ये.

"एक ओतलं. आता उठा तिथून."

"कड वाकडी झालीय."

"राहू दे वाकडी."

"अगं बघ तरी, बुडबुडा आलाय वर."

"बुडबुड्यात अळी राहील. उठा."

"एवढंच फक्त, टोकाला—"

चापट बसली. हातावर, अंगठ्याच्या बरोबर वर. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आईने बाबांना मारलेली मला माहीत असलेली ही पहिली चापट. दोघंही थक्क झाली. मग बाबाच आधी हसले, खांदा धरून, दुखतंय म्हणत.

त्या दिवशी एकूण सात चापट्या बसल्या. आईने मोजल्या होत्या. चाळीस भांडी झाली, ओबडधोबड, खडबडीत, काहींना कडेला ओठ सुटलेले. बाबांनी त्यांच्याकडे पाठ करून चहा घेतला.

"कुणाला सांगू नकोस मी केलीत म्हणून."

आठ दिवस वाळवली. थेंब टाकला. एक, दो—

चाळीसच्या चाळीस.

(हे पान बाबांच्या अक्षरात आहे. मोठ्या बाईंनी माप मागितलं होतं.)

पावडर एक किलो, पाणी एक लिटर. पाण्यात पावडर टाकावी, पावडरीत पाणी नाही. हळू ढवळावे. ओतावे व निघून जावे. परत येऊ नये. घोटू नये, थापी लावू नये, बोट लावू नये. करणारा जुना कारागीर असल्यास सोबत एक माणूस बसवावा, शक्यतो पत्नी. छताला मी सहाशे मिलीवर पाणी घालत नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

भांडं: १, २, ३
उरलेले आठवडे: नऊ
दिसलं ते: सातवी पिढी. माद्या चौऱ्याण्णव.
शेरा: ठीक, पण

एवढ्याच. जुन्या तीन भांड्यांतल्या मूठभर अंड्यांची ही सगळी कमाई. आता एकच पिढी बसत होती उरलेल्या वेळात. चौऱ्याण्णव जणींनी रक्त प्यायलं पाहिजे, अंडी घातली पाहिजेत, त्यांतून तीनशे माद्या निघाल्या पाहिजेत. निम्मे नर धरले तर सहाशे माश्या. दुसरी संधी नव्हती.

रक्त पाजायचं म्हणजे काचेच्या नळीत कोमट रक्त, माणसाच्या अंगाएवढं गरम, आणि नळीच्या तोंडाला कोंबडीच्या पिल्लाची पातळ कातडी ताणलेली. खोलीत अंधार करायचा. मग उभं राहायचं. हलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, कांदा खाऊन यायचं नाही. मी तर त्यांच्यावर श्वास सोडते, हळू, जाळीतून. बाई म्हणतात शास्त्रात याला आधार आहे. मला आधार नको होता, त्या प्यायल्या पाहिजे होत्या.

एकाहत्तर प्यायल्या. पोटं लाल मण्यांसारखी.

अंडी अठराशेच्या आसपास. बाबांच्या भिकार चाळीस भांड्यांत पंचेचाळीस पंचेचाळीस घातली. आमच्याकडे शंभर अंड्यांतून तीस माश्या होतात. तीस धरले तर पाचशे चाळीस माश्या, दोनशे सत्तर माद्या.

तीस कमी पडत होत्या, गणितातच.

भांडं: ८४ ते १२३
उरलेले आठवडे: सहा
दिसलं ते: अळ्या. केस उभे.
शेरा: ठीक ठीक ठीक ठीक ठीक

एका ओळीत चाळीस वेळा लिहिता येत नाही म्हणून थांबले.

बाबांचं म्हणणं खरं होतं आणि आईचंही. बुडबुड्यांचे खड्डे झाले होते जागोजाग, आणि अळ्या त्यांतच शिरून बसत होत्या, एकेका खड्ड्यात दोन-दोन, तीन-तीन, तोंडं बाहेर. घोटलेल्या तळावर त्यांना कुठे जायलाच जागा नव्हती. मी खाद्य चिमटीने घालत होते, उरलेला अर्धा डबा. रोज चिमूट, जास्त नाही. जास्त घातलं की उरतं, उरलं की बुरशी. पुरवायचं होतं म्हणून हात आखडता घेतला आणि तो आखडता हातच बरोबर ठरला. इतके दिवस मी त्यांना लाडाने जास्त वाढत होते, हे त्या अर्ध्या डब्याने दाखवलं.

घरी बाबा विचारायचे नाहीत. आई विचारायची, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"मेल्या का गं एखाद्या भांड्यात?"

"एकाही नाही."

"ऐकलंत का?"

"मी पेपर वाचतोय," बाबा म्हणायचे. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

भांडं: ८४ ते १२३
उरलेले आठवडे: एक
दिसलं ते: नर.

नर आधी निघतात, एक दिवस आधी, आणि वाट बघत बसतात. पहिल्या दिवशी नुसते नर. एकशेदहा. दुसऱ्या दिवशी माद्या, पहिल्या बावन्न. संध्याकाळपर्यंत एकशेएक. मी नळीत ओढून मोजत होते. रबरी नळीचं एक टोक ओठात, काचेचं टोक माशीवर, मध्ये जाळी म्हणून ती तोंडात येत नाही. अर्ध्या श्वासाने ओढायचं, पूर्ण ओढलं तर पंख मोडतो. दर दिवसाच्या माद्या वेगळ्या पिंजऱ्यात, साखरेच्या पाण्याच्या बोळ्यावर.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माद्यांचा आकडा दोनशे चौसष्ट होता. गणित म्हणत होतं, संपलं.

चौथ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडलं आणि जाळ्यांवर त्या बसल्या होत्या. पंख वर, सगळ्या.

तीनशे सत्तेचाळीस. आधीच्या पिंजऱ्यांतल्या धरून. मी तीनदा मोजल्या. मग मोठ्या बाईंना हाक मारली. त्यांनी एकदा मोजल्या. तीनशे सत्तेचाळीस. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात, मला न विचारता, माझ्या पेनने, एक शब्द लिहिला. दोन शब्दांतला नव्हता तो. रकान्याबाहेर गेला. मी इथे सांगत नाही, वही बघायची असेल त्याने यावं.

मी घरी फोन केला. बाबांनी घेतला.

"तीनशे सत्तेचाळीस," मी म्हणाले.

मग ते आईला सांगताना ऐकू आले. "तीनशे सत्तेचाळीस! तीनशे सांगितल्या होत्या!" आणि परत फोनवर, अगदी सहज, "बाईंना सांग, भांडी मी केलीत म्हणून."

भांडं: नाही
जागा: दवाखाना, पहिला मजला
उरलेले आठवडे: शून्य

दहा कप. प्रत्येकाच्या तोंडाला जाळी, प्रत्येकात तीस. मी ते हातात घेऊन जिना चढले, लिफ्टने गेले नाही. लिफ्ट गचका देते.

दहा माणसं खुर्च्यांवर बसली होती, बाह्या वर करून. डॉक्टर प्रत्येकाच्या हातावर कप पालथा ठेवत, वर काळं कापड टाकत. पंधरा मिनिटं. मी भिंतीला टेकून उभी. या सगळ्या माझ्या हातून, आयुष्यात पहिल्यांदा, माणसाच्या अंगावर जात होत्या. चावल्याच नाहीत तर?

सातव्या खुर्चीवर एक म्हातारी होती. कपाळावर, गालावर फिकट चट्टे. तिने मला विचारलं, "चावतात का गं जोरात?"

"टाचणीएवढं."

"चावू दे," ती म्हणाली. "नात माझ्याजवळ निजायला मागते. मी दोन वर्षं तिला जवळ घेतलं नाही. यांनी सांगू दे एकदा काय ते." मग कापडाखाली हात तसाच ठेवून तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "यांना पाळतेस तू?"

"हो, आजी. मीच."

"घरचे काय म्हणतात?"

"वडिलांनी भांडी केली यांची."

"आणि आई?"

"तिने वडिलांना आवरलं."

म्हातारी हसली आणि मग कापडाकडे बघू लागली. "बसली," ती म्हणाली. "अजून एक. आई गं. जेवायला बसल्यात."

पंधरा मिनिटांनी कापडं निघाली. मी एकेका कपाजवळ वाकून मोजलं. लाल पोटं. पहिल्या कपात सत्तावीस. दुसऱ्यात तीस. सातव्यात, म्हातारीच्या, तीसच्या तीस. दहा कपांत मिळून दोनशे एक्याऐंशी प्यायल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बाहेरून मागवलेल्या माश्या इतक्या पीत नाहीत, त्यांनी दुसरीकडे बघितलंय. मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या पितात." आमच्या, म्हणाल्या.

मग चहा आला. बाईंनी मला सगळ्यांसमोर पुढे बोलावलं, आणि डॉक्टरांपैकी एक जण हात पुढे करून विचारू लागला, भांडी कुठून घेतलीत, आम्हालाही हवीत, शंभर तरी.

मी हात मिळवला, पण एकच घोट घेतला. माझ्या खोलीत सत्तेचाळीस माद्या सकाळपासून उपाशी होत्या, आणि नववी पिढी त्यांच्याकडूनच यायची होती. रक्त गरम करायला अर्धा तास लागतो. मी कप ठेवला आणि जिन्याने खाली निघाले.